तलावाच्या पाळीवरील करमणूक आणि आपला समाज

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या कार्यकारी मंडळाने यंदाच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा मला केली, हा मी माझा बहुमान समजतो. मी वक्ता नव्हे. पस्तीस वर्षे खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांतून मुलांना बाराखडी व पाढे शिकविले, एवढीच माझी पुंजी. विषय निवडण्याची मोकळीक मिळाली म्हणून मी ‘तलावावरील करमणूक’ असा विषय कळविला. त्यावर चिटणीसांनी काहीशा संकोचाने विचारले, “गुरुजी, शिष्यवृत्त्या, वसतिगृह, हुंडा असे विषय पडले असताना करमणूक कशाला?” त्यांची शंका रास्त होती. ती निवारण्यासाठी प्रथम एक घडलेला प्रसंग आपणांपुढे ठेवतो.

माझा नातू नऊ वर्षांचा आहे. शहरात वाढला, मासा त्याने ताटात पाहिला किंवा काचेच्या पेटीत. गेल्या उन्हाळ्यात तो सुटीसाठी आला असता त्याला गळ टाकावयास शिकवावे, अशी मला हौस आली. बांबूची काठी, दोरा, गळ आणि डबीत चार गांडुळे घेऊन आम्ही आजोबा-नातू आमच्या गावच्या तलावावर गेलो. तलाव लहानसाच आहे. पाळीवरून फेरी मारावयास अर्धा तास पुरतो. माझ्या वडिलांनी आणि त्यांच्या वडिलांनी याच पाण्यात जन्मभर जाळी टाकली. अलीकडे त्याचे सुशोभीकरण झाले आहे. काठाला सिमेंटची उभी भिंत, तिच्यावर फरसबंदी, रंगीत दिवे, मध्यभागी कारंजे, आणि पायाने चालविण्याच्या हंसाच्या आकाराच्या नावा. नातवाने गळ पाण्यात सोडला न सोडला तोच गणवेषातील एक तरुण रखवालदार धावत आला. “काका, इथे मासे धरायला मनाई आहे,” असे म्हणून त्याने फलकाकडे बोट दाखविले. मी काठी गुंडाळली. जाता जाता सहज त्याचे आडनाव विचारले, तर तो आपल्यातलाच निघाला. त्याचा आजा आणि माझे वडील एका डोंग्यात बसणारे होते. तो खाली मान घालून म्हणाला, “मला ठाऊक आहे काका, पण वरून हुकूम आहे.”

परतताना नातवाने मला विचारले, “आजोबा, तलाव आपला नाही का?” पस्तीस वर्षे मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या मला त्या दिवशी उत्तर सुचले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

बंधुभगिनींनो, आपण ढीवर, भोई, कहार, केवट अशा निरनिराळ्या नावांनी ओळखले जातो. कोणी पालख्या वाहिल्या, कोणी वाटसरूंना नदीपार उतरविले, कोणी तलाव-बोड्यांतील मासोळीवर संसार केले. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी बांधवांनी मोठ्या कौशल्याने ते बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात आले, म्हणून आजही त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि १९५१ मध्ये हे तलाव शासनाकडे आले. पुढे मच्छीमारांच्या सहकारी संस्था निघाल्या व त्यांना ठेक्याने मासेमारी मिळू लागली. कोहळ्याने पाळ घातली, शेतकऱ्याने पाणी घेतले, आणि आपण पाण्यातला जीव सांभाळला. अशा तीन हातांनी तलाव राखला गेला. या इतिहासात आपला वाटा कोणाहून कमी नाही.

आता करमणुकीकडे वळतो. तलावावर फिरावयास येणारे लोक आपले शत्रू आहेत, असे मी मुळीच मानीत नाही. दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी बायकामुलांसह पाळीवर येऊन घटकाभर वारा खातो, यात गैर ते काय? श्रीमंतांना थंड हवेची ठिकाणे आहेत, गरिबाला गावचा तलाव आहे. पाण्याकाठी बसून मन निवते, हा अनुभव आपल्याइतका दुसऱ्या कोणाला असणार? गळ टाकून पाण्याकडे पाहत बसणे हा तर फार जुना विनोद आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना ‘मत्स्यविनोद’ असे एक स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य, गळ व दोरी यांची माहिती त्यात दिली आहे. डॉ. सुंदरलाल होरा या थोर मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये या प्रकरणावर इंग्रजीत निबंध लिहून ते विद्वानांच्या निदर्शनास आणले. राजाने गळ टाकला तर तो विनोद आणि आपल्या पोराने टाकला तर तो गुन्हा, असा न्याय कोणत्याही शास्त्रात असणार नाही.

तथापि माझी तक्रार मनाईच्या फलकापुरती नाही. तेवढेच असते तर मी अर्ज लिहिला असता, आपला वेळ घेतला नसता. खरी चिंता पुढेच आहे. त्या प्रसंगानंतर पंधरा दिवसांच्या आत, वैशाखातील एका पहाटे, त्याच तलावात हजारो मासे पांढरी पोटे वर करून तरंगताना दिसले. गावात बोलवा उठली की कोणी विष घातले. काहींनी आपल्या संस्थेच्या लोकांकडेही संशयाने पाहिले. वास्तविक विष कोणीच घातले नव्हते.

हे कसे घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. माशालाही प्राणवायू लागतो आणि तो पाण्यात विरघळलेला असतो. पाण्यातील शेवाळ व वनस्पती दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करतात, परंतु रात्री त्या स्वतःच तो खर्च करतात. तलावात सांडपाणी, निर्माल्य, मूर्तींसोबतचे साहित्य, आणि फिरावयास येणाऱ्या दयाळू मंडळींनी माशांसाठी टाकलेले पाव व मुरमुरे साचत गेले, की ते कुजताना प्राणवायू खातात. शिवाय त्या खतावर हिरवे शेवाळ अमाप माजते. उन्हाळ्यात पाणी कमी, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. अशा वेळी वारा पडला, आभाळ आले, म्हणजे पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू संपत येतो. मासे वर येऊन तोंड उघडून धापा टाकतात आणि सूर्योदयापूर्वी मरतात. कारंजे चालू असते तर थोडा उपयोग झाला असता, हे मी प्रांजळपणे सांगतो, कारण उडणारे पाणी हवेतून प्राणवायू घेऊन येते. परंतु कारंजे लोकांसाठी होते. लोक रात्री घरी गेले की ते बंद होत असे. माशांना त्याची गरज पहाटे होती.

माझे वडील अक्षरशत्रू होते. पण उन्हाळ्यात पहाटे पाण्यात हात घालून, तो हात हुंगून ते म्हणत, “आज पानी जड आहे.” मग त्या दिवशी जाळे लवकर टाकून मोठे मासे काढून घेत, म्हणजे उरलेल्यांना श्वास पुरे. प्राणवायू हा शब्द त्यांनी ऐकलाही नव्हता. आज तलावावर दिवे आहेत, रखवालदार आहेत, तिकिटाची खिडकी आहे. परंतु पहाटे पाण्यात हात घालणारा माणूस तेथे नाही. त्याला आपण सर्वांनी मिळून घरी बसविले.

दुसरी हानी उभ्या भिंतीने केली. तलावाचा जीव त्याच्या खोल मध्यात कमी आणि उथळ काठात अधिक असतो. आपल्या मरळीचे उदाहरण घ्या. काठच्या गवता-लव्हाळ्यात जागा साफ करून ती अंडी घालते आणि पिले निघाल्यावर नरमादी त्यांची राखण करतात. तांबूस पिलांचा तो थवा आणि त्याखाली घिरट्या घालणारी मरळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी अनेकदा पाहिली असेल. अशा वेळी राखणदार मरळ धरू नये, हा आपल्या घरोघरचा अलिखित नियम होता. जेथे काठच उरला नाही, तेथे लव्हाळे कोठून येणार, आणि लव्हाळे नाही तर मरळ कोठे घर करणार?

यावर कोणी म्हणेल, मत्स्यबीज विकत आणून सोडावे. अवश्य सोडावे. रोहू, कटला, मृगल हे मासे साचलेल्या पाण्यात स्वभावतः वीत नाहीत, त्यांना पावसाळी नदीचा प्रवाह लागतो. म्हणून पूर्वी त्यांचे बीज नदीतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसात पियूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि त्यामुळे मत्स्यजिरे व बोटुकली मिळणे सुलभ झाले. आपल्या संस्थांचा संसार त्या शोधावर चालला आहे, त्याविषयी कृतज्ञता बाळगलीच पाहिजे. परंतु विकतची बोटुकलीदेखील श्वास घेते, आणि सडक्या पाण्यात तीही मरते.

आता कायद्यासंबंधी थोडेसे. आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी हा भाग विशेष लक्षात ठेवावा. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पवई तलावाच्या काठी चाललेले सायकलमार्गाचे काम बेकायदेशीर ठरविले, आणि झालेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. तो मार्गही लोकांच्या करमणुकीसाठीच होता. ही बातमी वाचून मला वाटले, आता आपले तलाव सुरक्षित झाले. परंतु गोष्ट इतकी सोपी नाही. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी केंद्र शासनाने २०१७ मध्ये जे नियम केले, त्यांत सिंचन, पिण्याचे पाणी, मत्स्यशेती, मीठ किंवा करमणूक यांसाठी माणसाने मुद्दाम बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळलेले आहेत. नागपूरच्या भोसलेकालीन फुटाळा तलावावरील कारंजे व इतर बांधकामांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की हा तलाव मानवनिर्मित असल्याने त्या नियमांतील पाणथळ जागा ठरत नाही. मात्र सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू होते, असेही त्याच निर्णयात सांगितले आहे.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ नीट समजून घ्या. आपले बहुतेक तलाव व बोड्या शेतीच्या पाण्यासाठी माणसांनी बांधलेल्या आहेत. तेव्हा पाणथळ जागांचा नियम त्यांच्या रक्षणास धावून येईल, या भरवशावर राहता येणार नाही. उरते ते विश्वस्ततेचे तत्त्व. तलावाचा मालक कोणीही असो, तो मालक नसून लोकांचा विश्वस्त आहे, असे हे तत्त्व सांगते. परंतु विश्वस्ताला त्याच्या कर्तव्याची आठवण देणारे कोणी तरी असावे लागते, आणि त्या कामासाठी पाणी ओळखणाऱ्या आपल्या समाजाइतका योग्य दुसरा कोण आहे?

हे म्हणण्याचा अधिकार आपणांस हवा असेल, तर प्रथम आपले घर झाडले पाहिजे. कटू बोलतो, क्षमा असावी. पहिल्या पावसात चढणीचे मासे पोटात अंडी घेऊन सांडव्यावर येतात, त्या वेळी टोपल्या भरभरून ते धरणारे हात आपलेच असतात. बारीक आसाची जाळी टाकून बोटभर पिले बाजारात नेणारेही आपलेच. स्फोटक किंवा विषारी पदार्थ टाकून मासे मारणे १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे, तरी तो प्रकार अद्याप पुरता बंद झालेला नाही. परदेशी मागूर पाळण्यावर २००० साली बंदी आली, कारण तो अन्य मासे फस्त करतो; तरीही चार पैशांच्या लोभाने कोणी तो तलावात सोडतात. ठेका घेऊन तो परस्पर व्यापाऱ्याला विकणाऱ्या संस्थाही आपल्याच आहेत. पाळीवर फिरणाऱ्याने पाव टाकला म्हणून आपण रागावतो, तर हे आपले वर्तन कोणत्या तोंडाने झाकणार?

निराश होण्याचे मात्र कारण नाही. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव भागात ढीवर समाजातील भगिनींनी गेल्या काही वर्षांत जे काम केले, ते आपण जाऊन अवश्य पाहावे. तलावातील बेशरमाची झुडपे त्यांनी उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, देशी माशांना पुन्हा आसरा दिला, आणि जेथे मासळी मिळेनाशी झाली होती तेथे ती परत येऊ लागली. त्यांनी हे फारशा पैशाच्या बळावर केले नाही. पाण्याच्या ज्ञानावर केले. जाळे पुरुषाचे आणि बाजार बाईचा, एवढीच वाटणी आपण आजवर मानली. तलावाच्या कारभारात या भगिनींना मानाची जागा देण्याची वेळ आता आली आहे.

आता माझ्या सूचना थोडक्यात मांडतो. पहिली सूचना अशी की, जेथे तलावाचे सुशोभीकरण होणार असेल तेथे आपल्या संस्थेने योजना मंजूर होण्यापूर्वीच लेखी मागणी करावी, की किमान अर्धा काठ मातीचा व लव्हाळ्याचा राहावा. लोकांनी एका बाजूने फिरावे, दुसरी बाजू माशांना व पाखरांना असू द्यावी. दुसरी सूचना, ठरावीक जागी आणि ठरावीक दिवशी परवाना घेऊन गळ टाकण्याची मुभा सर्वांना असावी. परवान्याचे पैसे मच्छीमार संस्थेला मिळावेत, आणि पावसाळ्यातील विणीच्या काळात ती मुभा बंद राहावी. म्हणजे हौशी माणूस व पोटासाठी मासे धरणारा माणूस एकमेकांचे वैरी न होता सोबती होतील. तिसरी, नावा वल्ह्यांनी चालणाऱ्या असाव्यात आणि त्या चालविणारे, पोहणे शिकविणारे व बुडत्याला वाचविणारे तरुण आपल्या समाजातून घ्यावेत. जेथे आपला मुलगा आज फलक दाखविणारा रखवालदार आहे, तेथे तो उद्या शिक्षक व जीवरक्षक व्हावा. चौथी, तलावाच्या व्यवस्थापनात आपल्या संस्थेचा एक प्रतिनिधी असावा, आणि उन्हाळ्यात पहाटे पाणी पाहण्याचे काम त्याच्याकडे असावे. पाणी जड वाटले तर कारंजे रात्रभर चालू ठेवा, असे सांगण्याचा अधिकार त्याला हवा. पाचवी सूचना आपल्या स्वतःसाठी आहे. विणीच्या मासळीला हात न लावण्याची व बारीक जाळे न वापरण्याची शपथ प्रत्येक संस्थेने आपल्या सर्वसाधारण सभेत घ्यावी, आणि मोडणाऱ्यास दंड करावा.

शेवटी एक अंतरीची गोष्ट सांगून आपली रजा घेतो. मी शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी होतो तेव्हा वडील मला भेटावयास येत. त्यांच्या धोतराला मासळीचा वास असे. सोबतचे विद्यार्थी हसतील या भीतीने मी त्यांना वसतिगृहाच्या दारातूनच परत पाठवीत असे. ते काही बोलत नसत. शिक्षणाने मला पगार दिला, परंतु माझ्या बापाला असलेले पाण्याचे ज्ञान मी घेतले नाही. ते त्यांच्याबरोबर गेले. त्या वैशाखातील पहाटे मेलेल्या माशांसमोर उभा असताना मला त्या दारातल्या भेटी आठवल्या. आपल्या मुलांना अवश्य शिकवा, अधिकारी करा, डॉक्टर करा. परंतु वर्षातून एकदा तरी त्यांना आपल्या वडीलधाऱ्यांच्या सोबत तलावावर न्या, काठी हातात द्या, पाण्यात हात घालावयास लावा. करमणूक म्हणूनच न्या. आजवर ज्या गोष्टीची त्यांना लाज वाटली, ती करमणुकीच्या वाटेने त्यांना प्रिय होईल. चिटणीसांच्या शंकेला माझे हेच उत्तर आहे.

आणि नातवाच्या प्रश्नाचेही उत्तर मी आता ठरविले आहे. येत्या दिवाळीत तो आला, की त्याला सांगेन, “बाळा, तलाव आपला एकट्याचा नाही, सर्वांचा आहे. पण त्याची काळजी घेण्याचे काम आपले आहे.” आपल्या सूचनांनुसार अर्ज तयार करून मी सोबत आणला आहे. सभा संपल्यावर ज्यांना पटेल त्यांनी त्यावर सही करावी, एवढी विनंती करतो.